प्रवासाच्या महागड्या क्रेडिट कार्डाची फी भरावी का? घरच्या हिशेबाने ठरवण्याची रीत

वार्षिक फी दहा हजार रुपये असलेल्या प्रवासी क्रेडिट कार्डासाठी बँकेतून फोन येतो, तेव्हा लाउंज, पॉइंट, हॉटेलचे व्हाउचर आणि विमा यांची यादी सांगितली जाते, प्रत्येकाची किंमत रुपयांत लावली जाते, आणि त्यांची बेरीज फीच्या दुप्पट-तिप्पट निघते. ती बेरीज खोटी नसते. मात्र कार्डाचा प्रत्येक फायदा पुरेपूर वापरणाऱ्या माणसाची ती बेरीज असते. आपण तसे आहोत का, हे आपल्याच खर्चावरून तपासण्याची रीत या लेखात दिली आहे. असे कार्ड पहिल्यांदाच घेऊ पाहणारे, वर्षातून चार-पाच वेळा विमानाने जाणारे आणि एखादी परदेशवारी करणारे पगारदार किंवा लहान व्यवसाय असलेले कुटुंब मी समोर ठेवले आहे. मागच्या बारा महिन्यांची बँकेची व कार्डाची स्टेटमेंट, कागद-पेन आणि एक मोकळी सकाळ एवढी तयारी पुरेशी आहे.

आधी एक अट

दर महिन्याचे कार्डाचे बिल मुदतीच्या आत आणि पूर्ण भरले जात असेल, तरच पुढचे वाचण्यात अर्थ आहे. भारतात बहुतेक कार्डांवर थकबाकीचे व्याज महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास, म्हणजे वर्षाला ४२ टक्क्यांच्या घरात असते, आणि त्या व्याजावर पुन्हा १८ टक्के जीएसटी लागतो. व्याजावर ३० टक्क्यांची मर्यादा घालणारा राष्ट्रीय ग्राहक आयोगाचा जुना आदेश सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये रद्द केला, त्यामुळे अशी कोणतीही मर्यादा आपल्या बाजूने उभी नाही. पन्नास हजारांची बाकी एक महिना पुढे ढकलली, तर १,७५० रुपये व्याज आणि ३१५ रुपये कर मिळून २,०६५ रुपये जातात. चांगल्या प्रवासी कार्डावर शंभर रुपयांना दोन रुपये परतावा मिळतो असे धरले, तरी तेवढी रक्कम परत मिळवायला एक लाखाहून अधिक खर्च करावा लागतो. शिवाय बिलातील ‘किमान देय रक्कम’ तेवढी भरून वेळ मारून नेली, की नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते आणि पुढची खरेदी झाल्या दिवसापासून व्याज चढू लागते. मागच्या बारा महिन्यांत असे दोनदा जरी घडले असेल, तर आधी ती सवय मोडावी आणि फीच्या कार्डाचा विचार वर्षभर पुढे ढकलावा, असे मी मनापासून सांगेन.

फी म्हणजे नेमके किती

जाहिरातीतील आकड्यात कर धरलेला नसतो. कार्डाच्या फीवर १८ टक्के जीएसटी लागतो, त्यामुळे ५,००० ची फी ५,९००, १०,००० ची ११,८०० आणि १२,५०० ची १४,७५० होते. हिशेब नेहमी या दुसऱ्या आकड्याशी करावा.

पहिल्या वर्षाची जॉइनिंग फी आणि दुसऱ्या वर्षापासूनची रिन्युअल फी यांचाही वेगवेगळा विचार करावा. पहिल्या वर्षी स्वागताचे पॉइंट किंवा व्हाउचर मिळतात आणि अनेकदा तेवढ्यानेच फी भरून निघते. दुसऱ्या वर्षी तो भाग आटतो किंवा पूर्णपणे बंद होतो. कार्ड आपल्याला परवडते की नाही याची खरी कसोटी दुसऱ्या वर्षाच्या आकड्यांवर लागते, म्हणून या लेखातील सगळा हिशेब दुसऱ्या वर्षाचा आहे.

‘वर्षात अमुक लाख खर्च करा आणि फी माफ’ ही अट अनेक कार्डांवर असते. आपला नेहमीचा खर्च ती मर्यादा सहज ओलांडत असेल, तर फी शून्य धरायला हरकत नाही. मर्यादा गाठायला साठ-सत्तर हजार कमी पडत आहेत म्हणून वर्षअखेरीस नको असलेला टीव्ही घेणे मात्र बारा हजार वाचवण्यासाठी साठ हजार घालवणे ठरते. त्याच बरोबर हेही पाहावे की भाडे, इंधन आणि वॉलेटमध्ये भरलेले पैसे अनेक कार्डांवर या मर्यादेत मोजलेच जात नाहीत.

बारा महिन्यांचा खर्च चाळून घ्यावा

संपूर्ण हिशेबातील सर्वांत महत्त्वाचे काम हेच आहे, आणि बहुतेक लोक नेमके हेच टाळतात. आपला वर्षाचा खर्च बारा लाख आहे, त्यावर दोन टक्के म्हणजे चोवीस हजार सुटतील, असा तोंडी हिशेब केला जातो. प्रत्यक्षात त्या बारा लाखांपैकी कार्डावर येणारा आणि पॉइंट मिळवून देणारा भाग फार लहान असतो.

पुण्यात भाड्याच्या घरात राहणाऱ्या, दोघेही नोकरी करणाऱ्या आणि दोन मुले असलेल्या कुटुंबाचा नमुन्यादाखल खर्च घेऊ. वर्षाचा एकूण खर्च १२ लाख. त्यातील घरभाडे ३,६०,००० थेट घरमालकाच्या खात्यात जाते. भाजीवाला, किराणा दुकान, दूध, रिक्षा आणि कोपऱ्यावरचा केमिस्ट मिळून १,८०,००० यूपीआयने जातात. शाळेची फी आणि विम्याचे हप्ते यांचे २,१०,००० होतात, पेट्रोलचे ६०,०००, आणि वीज, गॅस व फोन यांचे ४०,०००. या पाच ओळींची बेरीज ८,५०,००० होते. उरतात ३,५०,०००: विमानाची तिकिटे, हॉटेल, ऑनलाइन खरेदी, मॉल, बाहेरचे जेवण आणि परदेशातील खर्च.

या पाच ओळी वगळण्याची कारणे समजून घ्यायला हवीत, कारण प्रत्येक घरात ती थोडी वेगळी लागू होतील. इंधनावर बहुतेक प्रवासी कार्डे पॉइंट देत नाहीत. फार तर एक टक्का सरचार्ज परत करतात. भाडे, वॉलेट, सरकारी भरणा, विमा, शिक्षण आणि वीज-पाणी यांच्यावर काही कार्डे मुळीच पॉइंट देत नाहीत, काही महिन्याच्या ठराविक मर्यादेपर्यंतच देतात, आणि काही ठिकाणी भाडे कार्डाने भरल्यास एक टक्का जादा शुल्क लागते. यूपीआयची गोष्ट वेगळी आहे. यूपीआयला जोडता येते ते फक्त रुपे जाळ्यावरचे क्रेडिट कार्ड. व्हिसा किंवा मास्टरकार्डचे कार्ड कितीही महागडे असले तरी दुकानातील क्यूआर कोडसमोर ते चालत नाही. महाराष्ट्रातील शहरांत रोजचा खर्च आता बहुतांश क्यूआर कोडवरच होतो, त्यामुळे कार्ड घेतले म्हणून तो खर्च कार्डावर वळेल ही अपेक्षा धरू नये.

वगळलेल्या खर्चांची यादी शोधायची कुठे? कार्डाच्या जाहिरातीच्या पानावर ती ठळकपणे दिसत नाही. ‘सर्वांत महत्त्वाच्या अटी व शर्ती’ या नावाचा दस्तऐवज प्रत्येक बँकेने देणे रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार बंधनकारक आहे. तो आणि रिवॉर्डच्या अटींचे वेगळे पत्रक अशी दोन कागदपत्रे उघडावीत, आणि आपल्या खर्चाची प्रत्येक ओळ त्यांच्याशी जुळवून पाहावी. काम कंटाळवाणे आहे, पण यातून जो आकडा उरतो तोच पुढच्या सगळ्या हिशेबाचा पाया असतो. त्याला आपण ‘कार्डयोग्य खर्च’ म्हणू.

पॉइंटची किंमत कशी लावावी

पॉइंट हे चलन आहे, आणि त्याचा दर आपण तो कुठे खर्च करतो यावर ठरतो. एकाच कार्डाचा एकच पॉइंट बँकेच्या प्रवास-पोर्टलवर विमानाचे तिकीट घेताना एक रुपयाचा असू शकतो आणि तोच बिलातून वळता करून घेतला तर पंचवीस-तीस पैशांचा होतो. आपल्या नमुना कुटुंबाच्या कार्डावर शंभर रुपयांना दोन पॉइंट मिळतात असे धरू. साडेतीन लाखांवर ७,००० पॉइंट होतील. प्रवासासाठी वापरले तर त्यांचे ७,००० रुपये, बिलात वळते केले तर जेमतेम १,७५० ते २,१००. पॉइंटमधून मिक्सर किंवा हेडफोन घेण्याचा पर्यायही असतो आणि त्याचा दर बहुधा असाच कमी असतो. म्हणून ज्या घरातील पुढच्या वर्षाचा प्रवास अनिश्चित आहे, लहान बाळ आहे, आजारी आईवडील आहेत किंवा नोकरी बदलण्याचे चालले आहे, त्यांनी पॉइंटची किंमत कमी दरानेच धरावी.

पोर्टलवरून तिकीट घेताना तेच तिकीट विमान कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावर कितीला आहे हे पाहावे. पोर्टलवर ते चारशे रुपये महाग असेल, तर पॉइंटची किंमत तेवढ्याने कमी झाली. पोर्टलच्या तिकिटात पुढे बदल करायचा झाला, तर मध्ये आणखी एक कंपनी येते हेही ध्यानात असू द्यावे.

तिसरा मार्ग म्हणजे पॉइंट विमान कंपनीच्या किंवा हॉटेलच्या सदस्यता योजनेत हस्तांतरित करणे. अनुभवी लोकांना सर्वांत जास्त लाभ इथे होतो आणि नवख्यांची सर्वांत जास्त फसगतही इथेच होते. एकदा पाठवलेले पॉइंट बँकेत परत येत नाहीत. पाठवल्यापासून खात्यात जमा व्हायला काही वेळा अनेक दिवस लागतात, आणि तोवर हवी ती जागा निघून गेलेली असू शकते. जमा झालेल्या माइल्सना, म्हणजे विमान कंपनीच्या योजनेतील पॉइंटना, मुदत असते. सिंगापूर एअरलाइन्सच्या क्रिसफ्लायर योजनेत ती तीन वर्षांची आहे. म्हणून आधी विमान कंपनीच्या संकेतस्थळावर आपल्या तारखेला माइल्सवर जागा आहे का हे पाहावे, आणि मगच पॉइंट पाठवावेत. हा क्रम कधीही उलटा करू नये.

माइलची किंमत काढण्याचे सूत्र सोपे आहे. समजा एका तिकिटाचे रोख भाडे १८,००० आहे आणि तेच माइल्सवर घेतले तर १५,००० माइल्स व वर ३,००० रुपये कर द्यावा लागतो. वाचले १५,००० रुपये, गेले १५,००० माइल्स. एका माइलची किंमत एक रुपया. बिझनेस क्लासच्या तिकिटावर हेच सूत्र लावले की माइलची किंमत तीन-चार रुपये निघते आणि मन हरखून जाते. पण आपण रोख दीड लाख देऊन ते तिकीट कधी घेतले असते का? घेतले नसते, तर त्या प्रवासाची आपल्यापुरती किंमत फार तर इकॉनॉमीच्या भाड्यापेक्षा थोडी जास्त आहे. बिझनेस क्लासचा आनंद खरा असतो आणि त्यासाठी कार्ड घेणे हेही योग्य कारण असू शकते, मात्र तो आनंद बचतीच्या रकान्यात लिहू नये.

तुलना कशाशी करायची

फीच्या कार्डाची तुलना ‘काहीच कार्ड नाही’ या स्थितीशी केली, तर ते नेहमी चांगलेच दिसते. खरी तुलना आपल्याला आजच मिळू शकणाऱ्या लाइफटाइम फ्री कार्डाशी करावी लागते. ॲमेझॉन पे आयसीआयसीआय कार्डासारखी फी नसलेली कार्डे सर्वसाधारण खर्चावर एक टक्का परतावा देतात. त्यामुळे नमुना कुटुंबाला साडेतीन लाखांवर ३,५०० रुपये असेही मिळणारच होते. फीच्या कार्डाने ७,००० दिले, तर त्याचे खरे श्रेय वरच्या ३,५०० रुपयांचेच. तेच पॉइंट बिलात वळते केले, तर फी भरून घेतलेले कार्ड मोफत कार्डापेक्षाही मागे पडते. फीच्या कार्डाचे समर्थन करणाऱ्या बहुतेक हिशेबांत ही एक वजाबाकी राहून गेलेली मला दिसते, आणि निर्णय तिच्यामुळेच फिरतो.

लाउंज

विमानतळावरील लाउंजची ओढ कार्ड घेण्यामागे अनेकदा सर्वांत मोठी असते. लाउंजमध्ये देशांतर्गत प्रवासात आपल्या खात्यातून दोन किंवा पंचवीस रुपयांची नाममात्र रक्कम वळती होते आणि बसायला जागा, जेवण व चहा-कॉफी मिळते. याची किंमत लाउंजच्या दारावरील फलकाप्रमाणे धरू नये. लाउंज नसते तर आपण त्या तासाभरात विमानतळावर किती रुपये खर्च केले असते, तोच आकडा धरावा. घरून पोळी-भाजीचा डबा नेणाऱ्या कुटुंबासाठी तो शून्याच्या जवळ जातो, आणि आठवड्याला मुंबई-दिल्ली करणाऱ्यासाठी तो बराच मोठा असू शकतो. आपल्या कुटुंबासाठी मी भेटीला ४०० रुपये धरतो.

भेटींची संख्याही प्रामाणिकपणे मोजावी. चार परतीचे प्रवास म्हणजे आठ वेळा विमानात चढणे, पण पहाटेच्या विमानासाठी धावतपळत पोहोचल्यावर लाउंजला वेळ नसतो आणि काही वेळा बाहेरच रांग लागलेली असते. आठपैकी चार धरणे योग्य. कार्डावर प्रवेश एकट्याला आहे की सोबतच्यालाही, मुलांचे काय, पूरक कार्डाला वेगळा प्रवेश मिळतो का, हे चार जणांच्या कुटुंबासाठी निर्णायक ठरते. एकाला आत सोडले आणि तिघे बाहेर, अशा लाउंजचा कुटुंबाला काही उपयोग नाही.

आणखी एक अट अलीकडे अनेक कार्डांवर आली आहे: आधीच्या तिमाहीत ठराविक रक्कम खर्च केली असेल, तरच या तिमाहीत लाउंज मिळतो. एकदा पहाटे आईला घेऊन निघालो असताना लाउंजच्या दारात माझे कार्ड नाकारले गेले, कारण आधीच्या तीन महिन्यांत माझा खर्च मर्यादेपेक्षा थोडा कमी भरला होता आणि अट बदलल्याचा ईमेल मी उघडलाच नव्हता. आईला तासभर साध्या खुर्चीत बसावे लागले, याचे मला वाईट वाटले. तेव्हापासून निघण्याच्या आदल्या दिवशी मी बँकेच्या ॲपमध्ये पात्रता पाहतो. लाउंजची यादीही टर्मिनलनिहाय पाहावी. गोव्याला दाबोळी आणि मोपा असे दोन विमानतळ आहेत, आणि यादीत एकाचे लाउंज असले म्हणून दुसऱ्याचे असेलच असे नाही.

परदेशातील खर्च

परदेशी चलनातील प्रत्येक खर्चावर कार्ड कंपनी फॉरेक्स मार्कअप, म्हणजे चलन बदलण्याचे जादा शुल्क, लावते. साध्या कार्डांवर तो बहुधा साडेतीन टक्के असतो आणि जीएसटी धरून ४.१३ टक्के होतो. महाग कार्डांवर दोन टक्के, म्हणजे करासह २.३६ टक्के आढळतो. फरक १.७७ टक्क्यांचा. परदेशवारीत दीड लाख रुपये कार्डावर गेले, तर २,६५५ रुपये वाचतात.

मात्र फी नसलेली आणि मार्कअपही शून्य असलेली कार्डे आता भारतात उपलब्ध आहेत. त्यांतील एक जवळ असेल, तर परदेशातील खर्चासाठी तेच वापरणे शहाणपणाचे ठरते, आणि मग फीच्या कार्डाच्या हिशेबातून ही २,६५५ ची ओळ खोडावी लागते.

इथेच एक सूचना: परदेशात दुकानदाराचे यंत्र ‘रुपयांत की स्थानिक चलनात’ असे विचारते, तेव्हा नेहमी स्थानिक चलन निवडावे. रुपये निवडले की विनिमयाचा दर त्या यंत्रामागची कंपनी ठरवते, आणि तो आपल्याला महाग पडतो. क्रेडिट कार्डाने परदेशी एटीएममधून रोकड तर काढूच नये; तिच्यावर शुल्क लागते आणि व्याज पहिल्या दिवसापासून सुरू होते.

विमा आणि व्हाउचर

कार्डासोबतचा प्रवास विमा मी हिशेबात शून्य धरतो. तो लागू होण्यासाठी तिकीट त्याच कार्डावर घेतलेले असणे किंवा आधीच्या काही दिवसांत कार्ड वापरलेले असणे अशा अटी असतात, आणि विमान अपघाताचे कोटींचे कवच दिसत असले तरी परदेशात खरा खर्च दवाखान्याचा होतो. शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोचे वैद्यकीय कवच दाखवावे लागते, त्यामुळे युरोपला जाणाऱ्याला वेगळी पॉलिसी घ्यावीच लागते.

व्हाउचरच्या बाबतीत एकच प्रश्न विचारावा: हे फुकट मिळाले नसते, तर मी यासाठी स्वतः किती रुपये मोजले असते? ज्या दुकानात आपण पाय ठेवत नाही तिथले पाच हजारांचे व्हाउचर शून्य किमतीचे, आणि ज्या हॉटेलात आपण दरवर्षी उतरतोच तिथली एक फुकट रात्र पूर्ण किमतीची. मॅरियटचे एचडीएफसी बँकेबरोबरचे कार्ड २०२३ मध्ये आले, तेव्हा त्याची फी ३,००० रुपये अधिक कर होती आणि वर्षाला हॉटेलच्या योजनेतील १५,००० पॉइंटपर्यंत किंमत असलेली एक मोफत रात्र मिळत होती. त्या साखळीत वर्षातून एकदा तरी राहणाऱ्याला एवढ्या एका रात्रीवर निर्णय घेता येत होता. फायदा असा एकच, मोठा आणि आपल्या नेहमीच्या वाटेवरचा असेल, तर हिशेब सोपा होतो.

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी वाचकांना हाच प्रश्न अधिक तीव्रतेने पडतो. तिथे २०२५ मध्ये चेस सफायर रिझर्व्हची फी ५५० डॉलरवरून ७९५ वर आणि ॲमेक्स प्लॅटिनमची ६९५ वरून ८९५ वर गेली, आणि त्या बदल्यात परताव्यांची यादी लांबली. यांतील काही परतावे तुकड्यांत मिळतात. प्लॅटिनमवर उबरसाठीचे वर्षाचे २०० डॉलर महिन्याला १५ आणि डिसेंबरात आणखी २० असे विभागलेले आहेत, आणि एखाद्या महिन्यात ते वापरले नाहीत तर तो हप्ता बुडतो. त्यामुळे दोनशेची किंमत दोनशे धरण्याआधी मागच्या वर्षी किती महिने उबर वापरली, हे मोजावे.

ताळेबंद मांडणे

आता आपल्या नमुना कुटुंबाचे आकडे एकत्र आणू. मोफत कार्डापेक्षा जादा मिळालेले पॉइंट ३,५०० रुपयांचे. लाउंजच्या चार भेटी १,६००. मार्कअपमधील बचत २,६५५. रिन्युअलला बँक २,५०० पॉइंट देते असे धरले, तर त्यांचे २,५०० रुपये. बेरीज १०,२५५. फी ११,८००. तूट १,५४५ रुपयांची. शून्य मार्कअपचे कार्ड आधीच जवळ असेल, तर बेरीज ७,६०० वर येते आणि तूट ४,२०० होते.

हा आकडा पाहून कार्ड लगेच बाजूला ठेवण्याची गरज नाही. तो नेमका कशामुळे बदलेल हे पाहावे. पॉइंटचा जादा लाभ शंभराला एक रुपया आहे, म्हणजे १,५४५ ची तूट भरायला कार्डयोग्य खर्च आणखी दीड लाखाने वाढायला हवा. साडेतीन लाखांऐवजी तो पाच लाखांच्या घरात असता, तर फी जेमतेम वसूल झाली असती. ज्यांच्या कंपनीचा प्रवासखर्च आधी स्वतःच्या कार्डावर होतो आणि नंतर परत मिळतो, त्यांचा खर्च ही मर्यादा सहज ओलांडतो, आणि माझ्या मते अशा लोकांसाठी ही कार्डे खरोखर उपयोगी आहेत. उलट, वर्षातून एकदा दिवाळीत गावी आणि एकदा मे महिन्यात फिरायला जाणाऱ्या कुटुंबाने दोन मोफत कार्डे, एक देशातील खर्चासाठी आणि एक परदेशासाठी, बाळगली तर त्याचे काहीच बिघडत नाही.

बेरीज फीपेक्षा पाचशे-हजार रुपयांनीच जास्त येत असेल, तरी मी कार्ड न घेण्याच्या बाजूने कौल देईन. फी आज आणि निश्चित जाते. फायदे पुढे आणि काही अटी पाळल्या तर मिळतात. त्यांचा माग ठेवायला वेळ लागतो, आणि त्या वेळेलाही किंमत आहे. बेरीज फीच्या निदान दीडपट यावी, असा माझा स्वतःचा नियम आहे.

अटी बदलतात

आज मांडलेला हिशेब पुढच्या वर्षी तसाच राहील असे धरू नये. ॲक्सिस बँकेच्या मॅग्नस कार्डाचे उदाहरण बोलके आहे. महिन्याला एक लाख खर्च केला की २५,००० जादा पॉइंट मिळत असल्यामुळे ते कार्ड प्रवाशांत अतिशय लोकप्रिय होते. सप्टेंबर २०२३ पासून ते मासिक पॉइंट बंद झाले, फी १०,००० वरून १२,५०० झाली, आणि पूर्वी पाच पॉइंटना चार माइल्स मिळत होते तिथे दोन मिळू लागले. ज्यांनी लाखो पॉइंट साठवून ठेवले होते, त्यांच्या साठ्याची किंमत निम्म्यावर आली. भागीदार विमान कंपनीही कायम राहील असे नसते: जेट एअरवेजची उड्डाणे १७ एप्रिल २०१९ रोजी थांबली, आणि विस्तारा १२ नोव्हेंबर २०२४ रोजी एअर इंडियात विलीन झाली. म्हणून पॉइंट वर्षानुवर्षे साठवू नयेत. दीड-दोन वर्षांत ज्या प्रवासाला ते लागणार आहेत, तेवढेच जमवावेत आणि वापरावेत.

कार्ड घेतल्यानंतरचे काम

कार्ड हातात आले त्याच दिवशी फोनच्या कॅलेंडरमध्ये अकराव्या महिन्यात एक आठवण लावावी. ती वाजली की वरचा ताळेबंद पुन्हा मांडावा, या वेळी अंदाजांऐवजी प्रत्यक्ष आकड्यांनी. तूट दिसली तर कस्टमर केअरला फोन करून कार्ड बंद करण्याचा विचार असल्याचे सरळ सांगावे. काही वेळा बँक फी माफ करते, ठराविक खर्चाच्या अटीवर परत करते किंवा बदल्यात पॉइंट देते; अशा वेळी मिळालेले आश्वासन ईमेलवर लेखी मागून घ्यावे. त्याच बँकेच्या कमी फीच्या कार्डावर उतरण्याचा पर्यायही विचारावा, कारण त्यात खाते चालू राहते आणि क्रेडिट इतिहास तुटत नाही.

बंदच करायचे ठरले, तर आधी सगळे पॉइंट वापरून किंवा हस्तांतरित करून घ्यावेत, कार्डावर चालू असलेले मासिक भरणे दुसरीकडे वळवावेत आणि बाकी शून्य करावी. मग विनंती ईमेलने किंवा ॲपमधून, म्हणजे तारखेची नोंद राहील अशा मार्गाने द्यावी. रिझर्व्ह बँकेचे १ जुलै २०२२ पासून लागू झालेले नियम इथे आपल्या बाजूने आहेत. बाकी नसलेले कार्ड विनंतीनंतर सात कामकाजी दिवसांत बंद करणे बँकेला बंधनकारक आहे, आणि उशीर झाला तर खाते बंद होईपर्यंत दिवसाला ५०० रुपये ग्राहकाला देणे लागते. शुल्कात बदल करायचा असेल तर किमान एक महिना आधी कळवावे लागते, आणि तो बदल मान्य नसल्यास जादा आकार न देता कार्ड परत करता येते. बँकेने दाद दिली नाही, तर तक्रारीनंतर तीस दिवसांनी रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, आणि तिच्यासाठी कोणतेही शुल्क लागत नाही.

कार्ड बंद झाल्याचा ईमेल आला की तो जपून ठेवावा, कार्डाचे चिपसह तुकडे करावेत, आणि दोनेक महिन्यांनी आपला क्रेडिट अहवाल काढून त्यात ते खाते ‘बंद’ आणि बाकी शून्य असे दिसते ना, याची खात्री करून घ्यावी.